गिटारची तार नेमकी कुठे तुटते, तिथेच कारण सापडतं

प्रश्न असा आला आहे : “वर्षभरापासून अकूस्टिक गिटार शिकतोय. पहिली तार महिन्यातून एकदा तरी तुटते, मधूनच तिसरीही जाते. दुकानदार म्हणाला, महागातला सेट घ्या. तो घेतला, तर तोही तीन आठवड्यांत तुटला. शिकवणारे सर म्हणतात, तुझा हात जड आहे. नेमकं काय चुकतंय?”

तार तुटली की बहुतेक जण ती ओढून काढतात, गुंडाळून कचऱ्यात टाकतात आणि नवी लावतात. माझी पहिली विनंती अशी, की पुढच्या वेळी तुटलेली तार टाकू नका. तिचे दोन्ही तुकडे गिटारशेजारी धरा आणि ती नेमकी कुठे तुटली ते बघा. ब्रिजवरच्या (फळीवर तारा जिथे अडकवतात त्या तुकड्यावरच्या) सॅडलपाशी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपाशी? पिनच्या (तारेचं टोक ब्रिजच्या भोकात धरून ठेवणाऱ्या बुचाच्या) आत, गोळीजवळच्या पिळापाशी? नटपाशी, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी? वर ट्यूनिंग कीच्या (सूर लावायला पिळतात त्या चावीच्या) खुंटीत? की मध्येच एखाद्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर? गिटार दुरुस्त करायला आणि शिकवायला लागून बराच काळ झाला. त्यात एक गोष्ट पक्की कळली आहे : एकाच गिटारवर एकच तार पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर ती जवळपास नेहमी त्याच जागी तुटते. आणि एकाच जागी तुटत असेल तर दोष तारेचा नसतो, त्या जागेचा असतो. मग सेट कितीही महाग आणा, त्याचंही तेच होणार. विहिरीच्या रहाटावर दोर जिथे घासतो तिथेच झिजतो. दोर बदलून रहाटाची धार जात नाही.

जागांकडे वळण्याआधी तारेवर किती भार असतो ते पाहू, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल.

अकूस्टिक गिटारचा सर्रास वापरला जाणारा ‘लाइट’ सेट १२-५३ चा असतो. म्हणजे पहिली तार इंचाच्या हजारातल्या १२ भागांइतकी, साधारण ०.३ मिलिमीटर जाड, आणि सहावी ५३ भागांची. नट ते सॅडल अंतर ६४८ मिलिमीटर धरलं आणि गिटार नेहमीच्या सुरात लावली, की या पहिल्या तारेवर साधारण साडेदहा किलोचा ताण येतो. सहाही तारांचा मिळून ७० किलोंहून अधिक. एका माणसाचं वजन गिटारच्या त्या पातळ फळीवर चोवीस तास ओढलेलं असतं.

आता पुष्कळांना चुकीचं वाटतं ते इथे. पहिली तार बारीक म्हणून तुटते, असं सगळे म्हणतात. सुरात लावण्यामुळे येणाऱ्या ताणापुरतं ते खरं नाही. जाड तार त्याच सुरात लावायची तर ताण वाढतो, पण तो सोसायला धातूही त्याच प्रमाणात वाढलेला असतो. दर चौरस मिलिमीटरमागे पडणारा ओढा ठरतो तो सुराच्या उंचीवर आणि तारेच्या लांबीवर, जाडीवर नाही. पहिल्या तारेत हा ओढा साधारण १४५ किलो प्रति चौरस मिलिमीटर निघतो, तर दुसरीत ८० च्या आसपास. चांगली पोलादी वाद्यतार २५० ते ३०० पर्यंत सोसते. म्हणजे पहिली तार नुसती सुरात लावली तरी तिची निम्मी ताकद खर्ची पडते. राहिलेल्या निम्म्यात तिला तुमचं पिक (तार छेडायची ती पातळ चकती), तुमचा घाम, सॅडलची धार आणि तारेतली प्रत्येक घडी सोसायची असते.

मग तिसरी का जाते? अकूस्टिकच्या सेटमध्ये तिसरी तार गुंडाळलेली असते. आत पोलादाचा गाभा आणि बाहेर ब्राँझचं वेटोळं. दिसायला ती पहिलीपेक्षा दुप्पट जाड, पण भार सगळा गाभाच पेलतो आणि तो गाभा पहिल्या तारेपेक्षा फारसा जाड नसतो. वेटोळं फक्त वजन वाढवतं, ओढ घेत नाही. म्हणून तिसरीचा गाभा जवळपास पहिल्या तारेइतकाच ओढलेला असतो. पहिली आणि तिसरी तुटतात हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि ते योगायोगाने घडत नाही.

सुराचा मुद्दा आणखी थोडा ताणतो, कारण आपल्याकडे तो फार लागू पडतो. सोळाव्या शतकात इटलीतले ल्यूटवादक विन्सेंझो गॅलिलेई, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, यांनी तारांना वजनं टांगून दाखवलं होतं, की सूर एक सप्तक वर न्यायचा तर ताण दुप्पट नाही, चौपट करावा लागतो. त्याच हिशेबाने गिटार अर्धा सूर चढवली की ताण १२ टक्क्यांनी वाढतो, पूर्ण सूर चढवली की २६ टक्क्यांनी. भावगीतांना, भजनाला किंवा गणपतीतल्या कार्यक्रमाला साथ करणारी मुलं नेमकं हेच करतात. गायक म्हणतो, माझी पट्टी काळी एक. यांना सी कॉर्डचे, म्हणजे पांढरी एकचे, आकार पाठ असतात. मग सगळी गिटारच अर्धा सूर वर ओढतात. पुढचा गायक पांढरी दोनचा निघाला की आणखी अर्धा. पहिल्या तारेचा ओढा १४५ वरून १८० च्या पुढे जातो आणि दोन गाण्यांनंतर ती जाते. यासाठीच कॅपो, म्हणजे एखाद्या फ्रेटवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, असतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की सी चा आकार काळी एकमध्ये वाजतो, दुसऱ्यावर लावला की पांढरी दोनमध्ये, आणि तारेवरचा ताण जिथल्या तिथे राहतो. जुनी हार्मोनियम नेहमीच्या प्रमाण सुराच्या, म्हणजे ४४० हर्ट्‌झच्या थोडी वर बोलत असेल, तर तेवढी गिटार चढवायला हरकत नाही. त्यापलीकडे चढवू नका. खाली उतरवलेली गिटार मात्र तारेला कधीच त्रास देत नाही. ज्यांना रोज पट्टी बदलावी लागते त्यांनी गिटार अर्धा सूर खाली लावून कॅपो वापरायला माझी काहीच हरकत नाही.

नवशिक्यांची आणखी एक तार अशी तुटते, की छेडतात दुसरी आणि पिळतात पहिलीची की. ट्यूनरवरचा काटा हलत नाही म्हणून आणखी पिळतात आणि मग फाटकन आवाज येतो. की फिरवण्याआधी छेडलेल्या तारेवरून बोट फिरवत वर खुंटीपर्यंत जायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आता जागांकडे येऊ. सर्वांत जास्त तारा तुटतात त्या सॅडलपाशी. सॅडल म्हणजे ब्रिजवरची ती पांढरी पट्टी, हाडाची किंवा प्लॅस्टिकची. पहिली तार सेकंदाला ३३० वेळा कंपते, म्हणजे मिनिटभर वाजत राहिली तर जवळपास वीस हजार वेळा. त्यातल्या प्रत्येक कंपनात ती सॅडलच्या माथ्यावर किंचित वाकते आणि सरळ होते. तारेचा टोकदार तुकडा हातात घेऊन आपण मागेपुढे वाकवून तोडतो, तीच ही क्रिया, फक्त फार सूक्ष्म आणि न थांबणारी. सॅडलचा माथा गोलसर आणि गुळगुळीत असेल तर हे वाकणं थोड्या लांबीवर विभागलं जातं. माथ्याला धार असेल तर सगळं एकाच बिंदूवर येतं.

ही धार डोळ्यांना क्वचितच दिसते. ती शोधायची युक्ती सोपी आहे. तार सैल करून बाजूला घ्या, कापसाचा लहानसा पुंजका सॅडलच्या माथ्यावरून, तार जिथे बसते तिथून, पुढे-मागे फिरवा. काटा असेल तर कापसाचे तंतू अडकून राहतात. तुटलेलं टोक घरातल्या साध्या भिंगाखाली धरलं तरी बरंच काही कळतं. टोक निमुळतं होत गेलेलं असेल तर तार ओढून तुटली, म्हणजे सूर फार चढला. टोक सपाट कापल्यासारखं असेल तर ती वाकून वाकून दमली होती. एका बाजूला चपटी चीर असेल तर तिथे धार लागत होती. तपकिरी ठिपका असेल तर गंज.

उपाय घरी करता येतो. पहिल्या तारेसाठी ४०० नंबरचा पॉलिश पेपर घ्या, त्याची अरुंद पट्टी तारेच्याच दिशेने सॅडलवरून हलक्या हाताने ओढा, मग ६०० ने, मग १००० ने. फक्त धार मोडायची आहे, उंची कमी करायची नाही. पाच-सहा हलके हात पुरतात. मग पुन्हा कापूस फिरवून बघा. तारेने सॅडलमध्ये खोल खाच पाडली असेल तर खाच घासत बसू नका, सॅडलच नवा बसवा. तो महाग भाग नाही आणि हाडाचा बसवून घेतला तर आवाजही सुधारतो. इथे दुरुस्ती करणाऱ्यांबद्दलही एक बोलायला हवं. अॅक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, कमी करायची म्हणून सॅडल वरून घासलेल्या कितीतरी गिटारी माझ्याकडे येतात. माथा सपाट झालेला असतो आणि त्याला दोन्हीकडून कडा आलेल्या असतात. सॅडल कमी करायचा तो खालून, माथ्याचा गोलवा न बिघडवता. तुमच्या गिटारची अॅक्शन अलीकडेच कमी करून घेतली असेल आणि तारा त्यानंतर तुटायला लागल्या असतील, तर पहिला संशय इथेच घ्या.

दुसरी जागा पिनच्या आत. तारेच्या टोकाला पितळी गोळी असते आणि ती धरून ठेवायला तार स्वतःभोवती पिळलेली असते. गोळी ब्रिजच्या आतल्या लाकडी पट्टीला, ब्रिज प्लेटला, खालून टेकून बसायला हवी. घाईत लावलेल्या तारेची गोळी बऱ्याचदा पिनच्या टोकावरच अडकून राहते. की पिळली की ती सटकते, पिन वर येतो, तार झटका खाते. पिनची खाच साउंडहोलकडे, म्हणजे फळीतल्या गोल भोकाकडे, तोंड करून ठेवा, पिन अर्धवट घालून तार वर ओढा, गोळी प्लेटला लागल्याचं बोटांना जाणवलं की मग पिन दाबा. साउंडहोलमधून हात घालून किंवा छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च धरून गोळी नीट बसली का ते बघता येतं.

जुन्या गिटारमध्ये ब्रिज प्लेटची भोकं गोळ्यांनी खाऊन मोठी होतात. गोळी वर सरकते आणि तिच्यामागचा पीळ थेट सॅडलवर येऊन बसतो. पीळ जिथे संपतो ती तारेची सर्वांत नाजूक जागा. ती सॅडलवर आली की दर वेळी तिथेच तुटणार. तात्पुरती युक्ती : जुन्या तारेची गोळी काढून घ्या, नवी तार तिच्यातून ओवा. दोन गोळ्या एकावर एक बसल्या की पीळ तेवढा खाली राहतो. कायमचा उपाय म्हणजे प्लेटची भोकं भरून घेणं, आणि ते जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या. तार लावल्या लावल्याच पीळ उलगडून सुटला तर मात्र दोष तारेचाच. तेवढ्यापुरता दुकानदार बरोबर.

आपल्याकडे पहिली गिटार म्हणून घेतल्या जाणाऱ्या स्वस्त गिटारींपैकी पुष्कळांना पिन नसतातच. मागे तारा अडकवायला पत्र्याचा टेलपीस असतो आणि ब्रिज नुसता फळीवर टेकलेला असतो. त्या पत्र्याच्या खाचा साच्यातून कापून निघालेल्या असतात, तशाच धारदार राहतात. बारीक कानशीने त्यांच्या कडा मोडून घ्या. आणि या गिटारींच्या तारा एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिज जागचा हलतो आणि मग सगळे फ्रेट बेसूर बोलतात. पिनवाल्या गिटारच्या सगळ्या तारा एकदम काढून फ्रेटबोर्ड पुसायला काही हरकत नाही. तासाभराने नेकला, म्हणजे दांड्याला, काही होत नाही.

तिसरी जागा नट. की पिळताना ‘टिक्’ असा आवाज येतो का ते ऐका. येत असेल तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. तुम्ही की फिरवता तेव्हा नट आणि खुंटी यांच्यातला तुकडा आधी ताणला जातो, खाच सोडत नाही, आणि मग ती एकदम सुटते. वाजणाऱ्या भागात सूर अजून खालीच असतो, पण वरच्या तुकड्यात ताण कितीतरी जास्त झालेला असतो. तार नटच्या वरच्या बाजूला, हेडकडे तुटते. १० चा सेट (पहिली तार १० भागांची) काढून १२ चा लावला की हे हमखास होतं, कारण खाचा बारीक तारेसाठी कापलेल्या असतात. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. साधी, मऊ शिशाची पेन्सिल चालते. ग्रॅफाइटने तार सरकायला लागते. तेवढ्याने भागलं नाही तर खाच रुंद करावी लागेल. ती रुंद करायची, खोल नाही. खोल झाली की उघडी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते आणि नटच बदलावा लागतो. हात बसलेला नसेल तर हे काम दुसऱ्याकडे द्या.

चौथी जागा खुंटी. तिच्या भोकाची कड धारदार असली की तार तिथे पहिल्याच वळणावर कापली जाते. जुन्या सहाव्या तारेचा तुकडा त्या भोकातून ओवून दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढा. तिचं वेटोळंच कानशीचं काम करतं आणि कड मऊ होते. तार गुंडाळताना फार घोळ नको. गुंडाळलेल्या तारांना दोन-तीन वेढे, साध्या तारांना चार-पाच, प्रत्येक वेढा आधीच्या खाली. वेढे एकमेकांवर चढले की तार स्वतःलाच दाबते आणि सूरही टिकत नाही. नवी तार उलगडताना तिला घडी पडू देऊ नका. एकदा पडलेली घडी बोटांनी सरळ केली तरी आतलं पोलाद दुखावलेलंच राहतं. आणि तार सुरात लावल्यावरच जादा टोक कापा. काही सेटमधल्या तारांचा गाभा गोल असतो. त्या आधी कापल्या तर बाहेरचं वेटोळं सैल पडतं.

फ्रेटवर, मधोमध तुटणारी तार ही बहुधा नुसती जुनी झालेली तार असते. तिच्या खालून बोट फिरवून बघा. ज्या फ्रेटवर तुम्ही जास्त दाबता तिथे दातरे लागतात. दातरे लागले की ती तार सुरालाही खोटी होते. तुटायची वाट बघू नका, बदला.

तुमच्या सरांच्या म्हणण्याकडे आता येतो. जड हात हे कारण असू शकतं, पण ते बहुतेक वेळा दुसऱ्या क्रमांकाचं कारण असतं. सॅडल गुळगुळीत असलेल्या गिटारवर जड हाताचा वादकही महिनोन् महिने तार न तोडता वाजवतो. तरी हात तपासा. पिकचं किती टोक तारेत शिरतं? दोन-तीन मिलिमीटर पुरे. पिक मुठीत आवळून अर्धं बाहेर ठेवलं की ते तारेला ढकलत नेतं आणि सोडतं. पिक तारांना किंचित तिरपं धरा, म्हणजे ते त्यांच्यावरून घसरत जाईल. मनगट सैल हवं, कोपरातून फटके नकोत. साउंडहोलवर वाजवा. ब्रिजजवळ तार ताठ असते, तिथे जोरात वाजवलं की सगळा धक्का सॅडलवर येतो. स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम पिक फिरवायला, ०.५ ते ०.७ मिलिमीटरचं पिक घ्या. एक मिलिमीटरच्या पुढचं पिक सुट्या सुरांना छान, पण स्ट्रमिंगला त्याच्यावर ताबा हवा. पिकची कडही बघा. झिजून खरखरीत झालेली कड तार खरवडते. ती जीन्सच्या कापडावर घासून गुळगुळीत करा.

आवाज कमी पडतो म्हणून जोर लावत असाल, तर एक आकार मोठा सेट लावून बघा. वर म्हटलं की सुराचा ओढा जाडीने बदलत नाही. पण पिकचा फटका, घामाने पडलेला खड्डा, धारेची चीर, हे सगळं बारीक तारेला जास्त लागतं. ०.२५ मिलिमीटरच्या तारेतून गंजाने एक कण खाल्ला तर तिचा मोठा हिस्सा जातो, ०.३ च्या तारेचा त्याहून कमी. १० च्या सेटवरून ११ वर किंवा १२ वर गेलं की तुटण्यात फरक पडतो आणि हातही हलका होतो, कारण गिटार कमी कष्टात बोलते. फक्त गिटार तेवढा ताण पेलणारी हवी. टेलपीसवाल्या आणि अगदी स्वस्त गिटारींवर मी ११ च्या पुढे जात नाही.

घाम आणि हवा हा मुंबई, कोकण, गोवा इथल्या वादकांसाठी वेगळाच विषय आहे. घामातलं मीठ पोलादाला टोचून खातं. गंज सगळीकडे सारखा पसरत नाही, सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि ओढलेल्या तारेत प्रत्येक खड्डा म्हणजे तुटायची सुरुवात. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर उघड्यावर ठेवलेल्या गिटारच्या साध्या तारा आठवड्याभरातच बोटाला खरखरीत लागू शकतात. पुण्यात, नागपुरात त्याच तारा निवांत टिकतात. म्हणून “तारा किती दिवसांनी बदलायच्या” याला सगळीकडे चालेल असं एकच उत्तर नाही. रोज तासभर वाजवणाऱ्याने किनाऱ्यावर सहा ते आठ आठवड्यांनी बदलाव्यात, कोरड्या हवेत तीन महिने सहज जातात. काहींच्या हाताला घामच असा असतो की दोन आठवड्यांत तारा काळ्या पडतात. त्यांनी कोटेड, म्हणजे वरून पातळ आवरण चढवलेल्या, तारा घ्याव्यात. १९९७ साली एलिक्सर कंपनीने त्या बाजारात आणल्या, आता इतरही करतात. किंमत दुप्पट-तिप्पट, पण दमट हवेत त्या इतक्या जास्त टिकतात की हिशेब जमतो. मात्र सॅडलला धार असेल तर कोटिंग तार वाचवत नाही. तुमचा महागाचा सेट तीन आठवड्यांत तुटला, त्याचं बहुधा हेच कारण.

वाजवण्याआधी हात धुवा. वाजवून झाल्यावर मऊ सुती कापड एकेका तारेभोवती चिमटीत धरून नटपासून ब्रिजपर्यंत ओढा. वरून पुसून भागत नाही, घाम खालच्या बाजूलाच साचतो. पावसाळ्यात गिटार बॅगेत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या मधूनमधून बदला. तारा घेताना पाकीट हवाबंद आहे का बघा. कागदी पाकिटात वर्षभर दुकानात पडलेली सुटी तार गंजलेलीच तुमच्या हातात येऊ शकते.

खोबरेल तेल लावू नका. ते चिकट होतं, धूळ धरतं आणि वेटोळ्यात शिरून आवाज मारतं. शिलाई मशीनचं तेल पहिल्या-दुसऱ्या तारेला कापडाने अगदी नाममात्र लावून लगेच पुसून टाकलं तर गंज रोखतं, पण ते फ्रेटबोर्डच्या लाकडात मुरू देऊ नका. जुन्या तारा उकळून पुन्हा लावणारेही आहेत. उकळून मळ निघतो, दमलेलं पोलाद ताजं होत नाही. आणि रोज वाजवून झाल्यावर तारा सैल करून ठेवायची सवय सोडा. ती अनेक घरांत वडीलधाऱ्यांकडून आलेली असते, हेतू चांगला असतो. पण रोज उतरवणं-चढवणं म्हणजे नटपाशी आणि खुंटीपाशी तार रोज वाकवणं. सुरातली गिटार सुरातच राहू द्या. महिनाभर वाजवणार नसाल तरच पूर्ण सूरभर खाली उतरवा.

एक गोष्ट आवर्जून सांगायची राहू नये : नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नका. तिच्या तारांचा एकूण ताण ४० किलोंच्या आसपास असतो, पोलादी सेटचा त्याच्या दीडपट ते दुप्पट. तिथे तार तुटली तर नशीब, बहुधा ब्रिजच उखडतो.

तार चढवताना चेहरा गिटारवर झुकवू नका. तुटलेली पहिली तार डोळ्याच्या उंचीपर्यंत सहज उसळते. चष्मा नसेल तर मान बाजूला ठेवा, आणि लहान मूल शेजारी बसलं असेल तर त्याला आधी दूर बसवा.

तुमच्या गिटारसाठी क्रम असा ठेवा. पहिली तार काढा, सॅडलवर कापूस फिरवा. अडकला तर पॉलिश पेपर. नाही अडकला तर पिनच्या आतली गोळी आणि पीळ बघा. मग की पिळताना ‘टिक्’ ऐकू येते का ते बघा. तिसऱ्या तारेलाही हाच क्रम. यातलं काहीही सापडलं नाही तरच पिक आणि हाताकडे वळा. कार्यक्रम असेल तर नवा सेट दोन दिवस आधी लावा, त्याच दिवशी नको. नवी तार ताणून स्थिर व्हायला वेळ घेते आणि तोपर्यंत सतत उतरते. बॅगेत पहिली आणि तिसरी तार, प्रत्येकी दोन जादा ठेवा. कटर आणि पिन काढायचं चिमटीसारखं हत्यारही ठेवा, कारण ऐन मंचावर अडकलेला पिन बोटांनी निघत नाही.